दोन पीआरपी आणि मांडवाच्या तारा

सुरुवात तारांवरून झाली. तासगावजवळ आमची सव्वा एकर द्राक्षबाग आहे, मांडवाची. ऑक्टोबर छाटणीच्या आधी सप्टेंबरात मांडवाची डागडुजी असते, तेव्हा मी बांधावर उभा राहून बघतोय तर मधल्या दोन-तीन ओळीतल्या तारा पाण्यावर लाट यावी तशा वाकड्या. गड्याला म्हटलं तारा ढिल्या झाल्यात, ताणून घे. तो म्हणाला, आप्पा सरळ हायत की. मी त्यालाच झापलं, डोळे फुटले का तुझे म्हणून. बिचाऱ्यानं दोन दिवस खपून तारा ताणल्या, जिथं जुन्या गंजलेल्या होत्या तिथं तोडून नव्या जोडल्या, आणि तोडलेले तुकडे खाली पडले ते पडलेच.

त्यातला एक तुकडा माझ्या चपलेतून आरपार तळव्यात घुसला आणि मी तसाच तीन दिवस हिंडलो. खोटं वाटंल पण कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको म्हणाली फरशीवर हे कसले डाग, तेव्हा चप्पल उलटी केली तर तारेचं टोक. दुखत नव्हतं म्हणून मी बरं वाटून घेत होतो, ती मात्र रडायला लागली, कारण तिच्या वडिलांचा पाय असाच गेलेला.

मला शुगर १४ वर्षं. गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या, गोड खायचं नाही पण बेदाणा म्हणजे काय गोड नव्हे असं आपलं स्वतःचं शास्त्र. तेव्हा एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर, काढली ती ११.२ आली.

मिरजेला सर्जनकडं गेलो. त्यांनी एक नायलॉनचा दोरा घेतला, माशाच्या गळाच्या दोऱ्यासारखा, आणि माझे डोळे मिटायला लावून पायावर ठिकठिकाणी टेकवला, जिथं जाणवंल तिथं हो म्हणा. तो दोरा १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो असा बनवलेला असतो म्हणे. मी वाट बघत बसलो कधी सुरू करतात, आणि ते म्हणाले झालं. म्हणजे दहाच्या दहा ठिकाणी टेकवून झाला होता.

मग एक्स-रे, हाड सडलंय का बघायला, रक्त पायापर्यंत पोचतंय का ते डॉपलर, अँटिबायोटिक, आणि मेलेली कातडी ब्लेडनं कापून काढणं. भूल न देता. मी शांतपणे बघत होतो, जणू दुसऱ्याचाच पाय. इन्फेक्शन आटोक्यात आलं, हाड वाचलं, पण जखम काही भरेना. पाच आठवडे झाले, दर सोमवारी कागदी पट्टीनं मोजायचे, ३ सेंटिमीटर बाय अडीच, पुढच्या सोमवारी ३ बाय अडीच. तेव्हा सर म्हणाले पीआरपी करून बघू.

पीआरपी म्हणजे प्लेटलेट रिच प्लाझ्मा. आपलंच रक्त काढायचं, साधारण २० मिली, नळ्या मशीनमधी गरागरा फिरवायच्या. बाहेर काढल्यावर नळीत खाली लाल, वर पिवळसर, आणि मधी एक दुधाळ पातळशी रेघ. त्या रेघेच्या आसपासचा प्लेटलेटवाला भाग वेगळा काढला, त्यात कॅल्शियम घातलं, आणि माझ्या डोळ्यासमोर त्याची जेली झाली. ती जखमेत भरली, वर ड्रेसिंग, आठ दिवस उघडायचं नाही.

मी विचारलं ह्यानं काय होतं. सर बोलके होते, आणि मी द्राक्षवाला आहे कळल्यावर त्यांना जास्तच उत्साह आला. प्लेटलेट म्हटल्यावर आपल्याला रक्त गोठवणं आणि डेंग्यू एवढंच माहीत. पण त्यांच्या पोटात बारीक पुड्या असतात आणि त्यात ग्रोथ फॅक्टर नावाची प्रोटीनं बांधून ठेवलेली असतात. जखम झाली की पुड्या फुटतात. त्यात पीडीजीएफ असतं, ते म्हणजे टोळीला फोन करणारा मुकादम, भरून काढणाऱ्या पेशींना जागेवर बोलावतं. टीजीएफ बीटा त्या पेशींकडून कोलॅजन घालून घेतं, म्हणजे बांधकाम. ईजीएफ कडेच्या कातडीला पुढं सरकायला लावतं. आणि व्हीईजीएफ नव्या रक्तवाहिन्या काढतं, बांधकामाला पाण्याची लाइन पाहिजेच ना. मी म्हटलं म्हणजे द्राक्षाला वापरतो त्या आमच्या जीए, जिबरेलिक ॲसिडसारखंच की, मणी बाजरीएवढा झाला की घड बुडवायचा, मणी फुगतो. हसले. म्हणाले जीए प्रोटीन नाही आणि झाडाची भाषा वेगळी, पण थेंबभर पदार्थानं केवढं काम होतं ते तुम्हाला शिकवायला नको.

मग मी शेतकऱ्याचा प्रश्न विचारला, हे विकत मिळत नाही का, रक्त कशाला काढायचं. मिळतं. पीडीजीएफचं जेल अमेरिकेत १९९७ ला मंजूर झालं, खास शुगरवाल्यांच्या पायासाठी, आणि आपल्याकडं ईजीएफचं जेलही बनतं. पण नुसतं जेल चोपडून भागत नाही. जुनाट जखमेत काही एन्झाइमं इतकी माजलेली असतात की वरून टाकलेलं प्रोटीन तीच खाऊन टाकतात. म्हणून आधी खरवडून साफ करायचं, शुगर खाली आणायची आणि मुख्य म्हणजे त्या पायावर भार द्यायचा नाही. वाफसा नसताना खत टाकल्यासारखं आहे, हे मी माझ्या मनाशी म्हटलं, बोललो नाही. भार देऊ नये म्हणून एमसीआर म्हणजे मऊ रबराची चप्पल आणि वॉकर, आणि दिवाळीत बागेत जायचं नाही, हे सगळ्यात जड गेलं. ऐन डिपिंगचा, घड जीएत बुडवायचा टाइम होता.

निघताना सरांनी सहज विचारलं, डोळे कधी तपासले होते. मी म्हटलं दिसतंय की चांगलं, फक्त आमच्या मांडवाच्या तारा... आणि बोलता बोलता थांबलो. तारा ताणून झाल्यावर सुद्धा मला वाकड्याच दिसत होत्या, आणि मी गड्याला आळशी म्हणत होतो.

डोळ्याच्या दवाखान्यात थेंब टाकून तासभर बसवलं, बाहुल्या मोठ्या झाल्या, मग ओसीटी. त्यात डोळ्याच्या आतल्या पडद्याचा उभा छेद दिसतो, जमिनीचे थर दिसावेत तसा. बरोबर मध्यभागी जिथं खळगा पाहिजे तिथं माझ्या डाव्या डोळ्यात टेकाड होतं. जाडी ४६८ मायक्रॉन. तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या अडीचशे-पावणेतीनशेच्या आसपास पाहिजे. चौकड्यांचा एक कागद दिला, मधी ठिपका, एक डोळा झाकून बघा. हुबेहूब माझा मांडव. उजव्यानं सरळ, डाव्यानं ठिपक्याशेजारच्या रेघा फुगलेल्या.

इथं मला पहिला झटका बसला. मॅडम म्हणाल्या, पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या शुगरनं बंद पडल्यात, त्यामुळं पडदा प्राणवायूसाठी तडफडतोय, आणि तडफडला की तो एक प्रोटीन सोडतो, व्हीईजीएफ. त्यानं वाहिन्या गळक्या होतात, पाणी झिरपून मधला भाग सुजतो. शिवाय कडेला नव्या वाहिन्या फुटायला लागतात, त्या तकलादू, कधी फुटून डोळ्यात रक्त सांडंल नेम नाही. उपाय म्हणजे हे व्हीईजीएफ बांधून टाकणारं इंजेक्शन, डोळ्यात.

मी म्हटलं, मॅडम, थांबा. परवाच पायात भरलं की ते.

त्यांना आधी कळेना. मग फाइल बघितली आणि त्या पण हसल्या. पण मला काही हसू येत नव्हतं. एकाच माणसाच्या पायाला जे कमी पडतंय तेच डोळ्यात जास्त झालंय, आणि मी दोन दवाखान्यात पैसे भरून एकीकडं ते घालून घेणार, दुसरीकडं काढून घेणार. पायातलं डोळ्यात चढलं तर? आणि डोळ्यातलं औषध पायात उतरलं तर जखम उघडी राहील ना?

पहिल्याचं उत्तर मला माझ्या पुतणीनं नीट दिलं, ती कोल्हापूरला बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करते. ती म्हणाली, काका, हार्मोन म्हणजे ग्रामपंचायतीचा भोंगा, एका ठिकाणी वाजतो आणि गावभर ऐकू जातो. ग्रोथ फॅक्टर म्हणजे भिंतीवरून शेजारणीला मारलेली हाक. बहुतेक तिथल्या तिथं काम करून संपतात. आणि हाक मारली तरी ज्या पेशीच्या दारात तिला ओ देणारा रिसेप्टर आहे तीच पेशी उठणार, बाकीच्या झोपलेल्या. सगळेच असे नसतात, आयजीएफ नावाचं एक आहे, ते बऱ्यापैकी भोंग्यासारखं. मेंदूखालची पिट्युटरी ग्रोथ हार्मोन सोडते, ते रक्तात फार टिकत नाही, पण लिव्हरला निरोप देऊन जातं, आणि लिव्हर आयजीएफ बनवून अंगभर पाठवतं, मग पोरांची हाडं वाढतात. त्याची घडण इन्सुलिनशी मिळतीजुळती, म्हणून नावातच इन्सुलिनसारखं असं आहे. मी म्हटलं म्हणजे माझ्या शत्रूच्या घरातलंच. तर म्हणाली शत्रू इन्सुलिन नाही काका, शत्रू बेदाणा.

दुसऱ्याचं उत्तर मॅडमनी आकड्यात दिलं, ते मला पटलं. हेच औषध, बेव्हासिझुमॅब, मुळात कॅन्सरचं, २००४ साली आतड्याच्या कॅन्सरसाठी आलं, कारण गाठीला पण वाढायला रक्तवाहिन्या लागतात आणि ती पण व्हीईजीएफ सोडते. तिथं शिरेतून देतात, किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे माझ्यासारख्या ७० किलोच्या माणसाला ३५०. डोळ्यात देतात सव्वा मिलिग्रॅम. आणि तिथं तुमची भीती खरी आहे म्हणाल्या, कॅन्सरच्या पेशंटचं मोठं ऑपरेशन असलं तर आधी निदान चार आठवडे हे थांबवतात, जखमा भरत नाहीत म्हणून. पण डोळ्यातल्या थेंबानं तुमच्या पायाचं अडणार नाही. तरी हार्ट अटॅक किंवा पॅरालिसिसचा झटका अलीकडं येऊन गेलाय का हे दोनदा विचारून घेतलं. दुसरं एक औषध खास डोळ्यासाठीच बनवलेलं आहे, रॅनिबिझुमॅब, ते कित्येक पट महाग, त्याचं भारतात बनलेलं स्वस्त रूप २०१५ पासून मिळतं. आमचा हिशोब बघून पहिलंच ठरलं.

डोळ्यात सुई हे ऐकूनच माणूस अर्धा होतो, तर ज्यांना घ्यायचंय त्यांच्यासाठी सांगतो. बधिर करायचे थेंब तीन-चार वेळा. मग बेटाडीन, ते चुरचुरतं, खरं सांगायचं तर सगळ्यात त्रास त्याचाच. तोंडावर कापड, डोळ्यापुरतं भोक, पापण्या उघड्या ठेवायला एक चिमटा. बाजूला बघा म्हणाल्या, आणि पांढऱ्या भागात, काळ्यापासून साडेतीन-चार मिलिमीटर लांब, सुई. कुणीतरी बोटानं दाबल्यासारखं वाटलं, तेवढंच. मग दोन-तीन काळे गोल बुडबुडे नजरेसमोर डुलायला लागले, मी घाबरलो, मॅडम म्हणाल्या हवा आहे, उद्यापर्यंत जाईल. किती बोटं? मी म्हटलं दोन. बरोबर. घरी पाठवलं. अशी महिन्याला एक, आधी तीन, मग बघू.

आता खरा घोळ. पडद्याच्या कडेला ज्या नव्या वाहिन्या फुटत होत्या त्यांच्यासाठी मॅडमनी लेझर सांगितलं होतं, आणि त्या लेझरला पण पीआरपीच म्हणतात. पॅन रेटायनल फोटोकोॲग्युलेशन. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. डिसेंबरात लेझरच्या तारखेला गेलो तर काउंटरवरची पोरगी फाइल चाळून म्हणाली, काका तुमच्या पीआरपीच्या दोन सिटिंग झाल्यात, आता फक्त चेकअप ना? मी म्हटलं हो झाल्यात की दोन, चांगल्या झाल्या. ती म्हणाली कुठला डोळा? मी म्हटलं डोळा नव्हं, डावा पाय. तिनं वर बघितलं नाही, डावा एवढंच ऐकलं आणि लिहून टाकलं. नोंद झाली, डाव्या डोळ्याचं लेझर दोन वेळा पूर्ण.

आत मॅडमनी भिंग लावून पडदा बघितला. परत बघितला. लेझरचे डाग कुठं गेले? लेझरचे डाग पडद्यावर कायमचे राहतात, ते नाहीसे व्हायला ती काय पेन्सिल आहे का. मग सगळा उलगडा झाला, पोरीला बोलणी बसली, मला वाईट वाटलं कारण अर्धी चूक माझी होती. तेव्हापासून मी माझ्या फाइलवर स्वतःच्या हातानं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: पायाची पीआरपी वेगळी, डोळ्याची वेगळी. एक ग्रोथ फॅक्टर घालायची, एक कमी करायची. कंपाउंडर लोक वाचून हसतात, हसू दे.

लेझर काय करतं ते ऐकून मात्र मी गप्प झालो. पडद्याच्या कडेकडेला शेकडो चटके देतात, म्हणजे तो भाग मुद्दाम मारतात. तो मेला की त्याला प्राणवायू नको, मागणी कमी, म्हणून व्हीईजीएफची बोंब कमी, आणि मधली नजर वाचते. बदल्यात रात्रीचं आणि कडेचं दिसणं थोडं जातं. हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. दुष्काळात टँकरनं पाणी घालून घालून परवडेना तेव्हा मी स्वतः खालची अर्धा एकर बाग कुऱ्हाड लावून काढलेली, वरची जगावी म्हणून. मशीनला हनुवटी टेकवून बसलो होतो, हिरवा उजेड टकटक टकटक पडत होता, आणि मला त्या कुऱ्हाडीचाच आवाज येत होता.

ह्या सगळ्या काळात पाय वर करून घरात बसून होतो, तर पुतणी सुट्टीला आली की डोकं खात होतो. तिनं सांगितलेलं एक मला फार आवडलं. हे ग्रोथ फॅक्टर पहिल्यांदा सापडले कसे. रिता लेव्ही-मोंताल्चिनी म्हणून इटलीतली बाई, ज्यू. मुसोलिनीच्या १९३८ च्या कायद्यानं तिला विद्यापीठाचं काम बंद. तर तिनं तुरिनमधी स्वतःच्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली, कोंबडीची अंडी आणायची, शिवणाच्या सुया घासून हत्यारं करायची आणि पिल्लाच्या नसा कशा वाढतात ते बघायची. युद्ध संपल्यावर अमेरिकेत सेंट लुइसला गेली, तिथं दिसलं की उंदराच्या एका गाठीतून असं काहीतरी सुटतं की नसा तिकडं धावत वाढतात. तेच एनजीएफ, नसांचा ग्रोथ फॅक्टर. तिच्या जोडीला स्टॅनली कोहेन होता. त्यांनी एका चाचणीसाठी सापाचं विष वापरलं तर विषातच ते प्रोटीन गाठीपेक्षा जास्त निघालं. मग साप नको म्हणून उंदराची लाळग्रंथी घेतली. तिचा अर्क उंदराच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना टोचला तर पिल्लांनी डोळे वेळेच्या आधीच उघडले, दात लवकर आले. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता काहीतरी भेसळ आहे. कोहेन त्या भेसळीच्याच मागं लागला आणि ईजीएफ सापडलं. १९८६ ला दोघांना नोबेल. बाई १०३ वर्षं जगली.

बायकोनं लगेच, म्हणून कुत्री जखम चाटतात होय. पुतणी म्हणाली लाळेत ईजीएफ असतं हे खरं, पण काकांचा पाय कुणाला चाटू देऊ नका, लाळेत बाकी पण बरंच असतं.

मी विचारलं मग एनजीएफ का देत नाहीत मला, माझ्या नसा तर मेल्यात. तर म्हणे देऊन बघितलंय, शुगरवाल्या पेशंटवर मोठी चाचणी झाली, पण फायदा दिसला नाही, उलट सुई दिली तिथं दुखत राहायचं. कारण हेच प्रोटीन दुखणं जागं पण करतं. दुखेना का, मी म्हटलं, मला दुखलं असतं तर तार पहिल्याच दिवशी काढली असती.

मॅडमनी सांगितलेली एक गोष्ट मात्र अजून डोक्यातनं जात नाही. १९५३ साली डेन्मार्कमधल्या डॉक्टर पोल्सेननी एका बाईची केस छापली. शुगरनं डोळे खराब झालेले, आणि बाळंतपणात तिची पिट्युटरी मेली. तर डोळे सुधारायला लागले. त्यावरून पुढची काही वर्षं डॉक्टर लोक डोळे वाचवायला शुगरवाल्यांची पिट्युटरीच काढून टाकायचे किंवा निकामी करायचे. ग्रोथ हार्मोन आणि आयजीएफचा धागा तिथनं हाताला लागला. नंतर लेझर आलं, आणि ते ऑपरेशन बंद झालं. सव्वा मिलिग्रॅमच्या सुईला मी घाबरत होतो. शिवाय मी त्वेषानं शुगर एकदम खाली आणायला निघालो होतो तेव्हा त्यांनीच थांबवलं, की फार वर असलेली शुगर झपकन उतरली तर सुरुवातीला डोळा उलटा बिघडू शकतो, डोळ्यावर लक्ष ठेवत ठेवत उतरवा. त्यामुळं ११.२ वरनं ७.४ ला यायला मला सात महिने लागले.

पायाची पीआरपी एकूण पाच वेळा झाली. दुसरीनंतर कडेनं गुलाबी रंग आला, मग दाणेदार लाल मांस, मग कडेची कातडी आत सरकायला लागली, आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. ३ बाय अडीचची २ बाय दीड, मग १ बाय पाऊण. चौदाव्या आठवड्यात बंद. नुसती पीआरपी म्हणून झालं का वॉकरमुळं का शुगरमुळं, सर स्वतःच म्हणाले मी छातीठोक सांगणार नाही. मला ते आवडलं. औषध दुकानदार आमच्याकडं छातीठोकच सांगतो सगळं.

डाव्या डोळ्याची जाडी तीन इंजेक्शनांनंतर ३१०, पाचव्यानंतर २८४. लेझरच्या तीन सिटिंग झाल्या. रात्री गाडी चालवायची सोडली.

परवा पहिल्यांदा एमसीआर चप्पल घालून मांडवाखाली गेलो. सवयीप्रमाणं उजवा डोळा झाकून तारा बघितल्या. डाव्यानं सरळ, फक्त तिसऱ्या ओळीत विहिरीच्या बाजूला थोडा बाक. म्हटलं चला, एवढा राहू दे, ४६८ वरनं इथंवर आलो हेच खूप. गडी शेजारी उभा होता, त्याला म्हटलं, एवढं तेवढं आता असंच दिसणार बाबा, डोळ्याचा दोष आहे. तो म्हणाला, आप्पा, तिथला लोखंडी अँगल कललाय, मी दोन महिनं झालं सांगतोय.